मंत्रचळातल्या विचारांची यादी : साठवणूक बाहेर का पडली?

मंत्रचळ (ओसीडी), म्हणजे नकोसे विचार पिच्छा सोडत नाहीत आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा होते असा आजार, म्हटलं की आपल्याला सतत हात धुणारा माणूस आठवतो. जुन्या नोंदींत मात्र देवाधर्माचे विचार ठळक आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज बिशपांनी प्रवचनात अशा भाविकांना धीर दिला होता : ऐन प्रार्थनेत अभद्र विचार येणारी माणसं बहुधा भलीच असतात. १८३८च्या एका फ्रेंच नोंदीतल्या बाईंना, हिशेबात चूक होऊन दुसऱ्याचं नुकसान होईल, ही भीती होती. आपल्याकडे अस्वच्छतेच्या विचारात जंतूंइतकाच विटाळही असतो. १९७८च्या एका पाहणीत तर धडधाकट माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी असले नकोसे विचार येतात म्हणून सांगितलं.

या विचारांची दवाखान्यातली आजची वर्गवारी बरीचशी मंत्रचळ मोजणाऱ्या १९८९च्या अमेरिकी मोजपट्टीवर बेतलेली आहे. इजा करण्याचे, अस्वच्छतेचे, लैंगिक, धार्मिक, नेमक्या मांडणीचे, शरीराविषयीचे, असे तिचे गट. त्यांतच साठवणूकही होती, आणि घोळ झाला तो तिच्यावरून.

घरभर रद्दी साठवणारे एक आजोबा घ्या. ‘लागेल कधीतरी’ म्हणत ते ती जपतात, त्यांना त्या विचाराचा त्रास नसतो. त्रास होतो तो कुणी रद्दी उचलली तर. दुसरा एक मुलगा बसचं जुनं तिकीट टाकत नाही, कारण टाकलं तर आईला काहीतरी होईल. हा विचार त्याला नकोच असतो, पण पिच्छा सोडत नाही. मानसिक आजारांचं वर्गीकरण करणाऱ्या २०१३च्या अमेरिकी पुस्तिकेने आजोबांचा आजार स्वतंत्र ठरवला, मुलाचा मंत्रचळातच ठेवला. खोलीतला पसारा पाहून हा फरक कळत नाही. ‘टाकलं तर काय होईल?’ असं विचारावंच लागतं. हा निर्णय मला पटतो. त्याच वेळी, १९८०पासून चिंताविकारांत असलेला मंत्रचळही तिथून हलवून वेगळ्या प्रकरणात नेला, ते मात्र गळी उतरत नाही. भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि धुणं-तपासणं टाळायचं, हा उपचार चिंताविकारांवरच्या उपचारांचा सख्खा भाऊच आहे.

२०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही मंत्रचळाला वेगळा गट दिला, साठवणुकीला त्याच गटात स्वतंत्र जागा दिली. शिवाय आपल्याला गंभीर आजार झालाय ही सततची धास्तीही त्याच गटात आणली. अमेरिकी पुस्तिकेत ती अजून शारीरिक तक्रारींच्या विकारांसोबत आहे.