लक्षणं गेली, तरी थांबू नका

‘हात लुळा पडला, तासाभरात बरा झाला, आता मानेच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन दीड महिन्याने केलेलं चांगलं,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो आता चुकीचा ठरला आहे. कॅरोटिड धमनीतला, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या या रक्तवाहिनीतला, चरबीचा थर तडकलेला असतो, त्यावर गुठळ्या धरतात आणि मेंदूकडे जाऊ शकतात, म्हणून पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक. धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असेल, तर शस्त्रक्रिया १४ दिवसांच्या आत व्हावी. पुढे फायदा झपाट्याने घटतो. मोठा पक्षाघात झाला असेल तर मात्र डॉक्टर थांबतात, ते योग्यच. डॉपलरच्या (मानेच्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये टक्के आणि बाजू पाहा: उजवा हात लुळा पडला तर डावी धमनी, पण एकाच डोळ्याची नजर काही वेळ गेली तर त्या डोळ्याच्याच बाजूची. आणि लक्षणं नेमकी कोणत्या तारखेला आली, ते डॉक्टरांना आधी सांगा. १४ दिवस तिथून मोजायचे.