मोबाइलवरचा सामना मागे का राहतो?

मोबाइलवर क्रिकेट पाहताना शेजारच्या टीव्हीवर विकेट आधी पडते, तेव्हा ‘उपग्रह फार लांब आहे’ किंवा ‘आपले नेट स्लो आहे’ असे सर्रास सांगितले जाते. मूळ कारण यांपैकी एकही नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असला, तरी प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेडिओलहरींना वर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो, आणि डीटीएचचे चित्र तर याच वाटेने येते.

खरा वेळ जातो तो चित्रणाचे तुकडे पाडण्यात. इंटरनेटवरून चित्रण पाठवण्याच्या एचएलएस या प्रचलित पद्धतीत सर्व्हर काही सेकंदांचे तुकडे बनवतो, तुकडा पुरा झाल्याशिवाय तो पुढे जात नाही, आणि मोबाइलमधला व्हिडिओ प्लेअर साधारण तीन तुकडे साठवूनच चित्र दाखवू लागतो. अ‍ॅपलने सुचवलेली 6 सेकंदांची लांबी धरली, तर एवढ्यानेच 18 सेकंद होतात. हा साठा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्याच्याविना नेटवर्क क्षणभर डळमळले तरी चित्र अडकेल. त्यामुळे निव्वळ महागडा प्लॅन घेऊन हे अंतर मिटत नाही, आणि ग्राहकांना हे स्पष्ट सांगितले गेलेच पाहिजे. 2019 मध्ये जाहीर झालेल्या लो-लेटन्सी (कमी विलंबाच्या) एचएलएसमध्ये मात्र तुकड्याचे छोटे भाग तयार होताच पाठवले जातात, म्हणून तिथे हे अंतर बरेच घटते.