रसायनानुचलन, जीवाणूंचे

आसपासच्या रसायनांचा माग घेत जीवाणूने अनुकूल दिशेला सरकणे वा प्रतिकूल दिशेपासून दूर जाणे. शरीरात तो कुठे वस्ती करतो, हे बऱ्याच अंशी यावर ठरते. क्लेब्सिएला व शिगेला यांना कशाभिका (पोहण्यासाठीचे फिरणारे शेपटासारखे तंतू) नसल्याने त्यांना हे लागू नाही.

एश्चेरिकिया कोलाय हा सर्वाधिक अभ्यासलेला जीवाणू. कशाभिका घड्याळाच्या उलट फिरल्या की तो साधारण एक सेकंद सरळ पोहतो. सुलट फिरल्या की कोलांटी घेऊन दिशा बदलतो. त्याची लांबी जेमतेम २ मायक्रोमीटर, त्यामुळे दोन टोकांमधील फरक मोजण्याऐवजी तो ‘आत्ता’ आणि ‘काही सेकंदांपूर्वी’ यांची तुलना करतो. आवडते द्रव्य ग्राहकाला (रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की चे-ए हे विकर मंदावते, कशाभिकांना संदेश देणारे फॉस्फेटयुक्त चे-वाय प्रथिन घटते आणि कोलांट्या कमी होतात. ग्राहकावरील मेथिल गट हीच त्याची स्मृती.

जठराच्या पोकळीत पीएच १–२ असतो, भिंतीवरील श्लेष्मस्तराच्या (बुळबुळीत थराच्या) तळाशी ७ च्या जवळपास. हेलिकोबॅक्टर पायलोरी आम्लापासून पळतो आणि पेशींतून झिरपणारा युरिया टीएलपी-बी ग्राहकाने ओळखून भिंतीकडे जातो. मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांनी बनवलेले इंडोल हे रसायन कोलायला दूर ठेवते. मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या कोलायच्या अनेक जातींत रायबोज-गॅलॅक्टोज आणि द्विपेप्टाइडे ओळखणारे ग्राहक नसतात. म्हणून ग्राहकांची नुसती संख्या मोजण्यापेक्षा ते कोणत्या अवयवात कामी येतात ते पाहावे. रक्तस्रावाच्या जागी साल्मोनेला रक्तरसाकडे ओढला जातो. त्यातील सेरीन हे अमिनो आम्ल टीएसआर ग्राहक ओळखतो, असे २०२४ मध्ये दिसून आले.

प्रात्यक्षिकासाठी मऊ अगारची (जेलीसारख्या माध्यमाची) प्लेट सर्वांत भरवशाची. एक लिटर पाण्यात ट्रिप्टोन (पचवलेले प्रथिन) १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, अगार २.५ ते ३ ग्रॅम. निर्जंतुक करून ९० मिमी प्लेटमध्ये २५ मिली ओतावे. मध्यभागी कोलायच्या ताज्या संवर्धाचे (वाढवलेल्या जीवाणूंच्या द्रवाचे) २ ते ५ मायक्रोलिटर अगारच्या आत सोडून ३० अंश से.ला ८ तास ठेवावे. जीवाणू पसरताना गोल कडी उमटतात: बाहेरचे कडे सेरीन खात पसरणाऱ्यांचे, आतले ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल खाणाऱ्यांचे. प्लेट उलटी ठेवू नये, अगार घसरतो. अगार ०.४ टक्क्यांवर गेला की पोहणे अडते. ग्लुकोज घातल्यास कशाभिकाच बनत नाहीत. कडे उमटले नाही की हे आधी तपासावे. शेजारी चे-वाय नसलेली जात लावावी; तिचा मध्यावर दाट ठिपकाच राहायला हवा.

बडोद्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा चाळीस ओलांडतो, तेव्हा प्लेट टेबलावर ठेवून भागत नाही. ३७ अंशांवर कशाभिका बनणे झपाट्याने घटते आणि अगारचा पृष्ठभागही सुकतो. साध्या इन्क्युबेटरला केवळ तापवता येते, खोलीपेक्षा गार करता येत नाही. तिथे गारही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटरच लागतो, आणि आत पाण्याचे भांडे ठेवावे.