वाहतुकीतील हरितगृह वायू उत्सर्जनाची तुलना : भारत आणि ब्राझील

दोन देशांतील मोटारी, ट्रक, रेल्वे, जहाजे व विमाने यांच्या इंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड एका मापात आणून ताडून पाहण्याची पद्धत. विकसनशील देशांत भारत व ब्राझील ही जोडी यासाठी विशेष बोलकी आहे. इंदूरकरांना ती परकी वाटू नये. २०१३ साली ए. बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी सुमारे ११.५ किमी. आयबस या शहर बससेवेची राखीव मार्गिका सुरू झाली. तशी व्यवस्था ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ मध्येच प्रत्यक्षात आणली होती.

मोजणीचा सोपा मार्ग म्हणजे विकलेल्या इंधनावरून हिशेब करणे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो, आणि डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. देशाच्या पातळीवर हा आकडा भरवशाचा असतो, शहराच्या पातळीवर मात्र फसतो. इंदूरच्या पंपावर टाकी भरून धुळ्याकडे निघालेल्या ट्रकचा सगळा धूर इंदूरच्या खात्यावर पडतो. दुसरा मार्ग वाहनांची संख्या, रोजचे अंतर आणि मायलेज यांवरून जातो. त्यातली अडचण अशी की भंगारात गेलेल्या गाड्याही आरटीओच्या नोंदीत राहतात आणि लोडिंग रिक्षा दिवसाला किती धावते हे कोणी लिहून ठेवत नाही.

सर्वांत मोठी गफलत टक्केवारीत होते. ब्राझीलच्या ऊर्जाक्षेत्रातील (वीज, वाहतूक, कारखाने यांसाठी इंधन जाळण्यातून होणाऱ्या) उत्सर्जनापैकी जवळजवळ निम्मे वाहतुकीचे असते, तर भारतात हा वाटा साधारण दहा-बारा टक्के. एवढ्यावरून ब्राझीलची वाहने अधिक धूर ओकतात असे म्हणणे चूक ठरेल. तिथली वीज मुख्यत्वे धरणांतून येते, म्हणून एकूण बेरीज लहान आणि तीत वाहतूक मोठी दिसते. आपली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाची असल्यामुळे वाहतूक त्या बेरजेत झाकली जाते. एकूण टनांत भारत पुढे आहे. पण दरडोई पाहिले तर भारतीयाचा वाटा ब्राझीलच्या माणसाच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका भरतो. दरडोई आकडा न देता केलेली तुलना अन्यायाची आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. मोटारीऐवजी दुचाकी, तसेच रेल्वेने लांबचा प्रवास, ही आपल्याकडची त्यामागची मोठी कारणे. ब्राझीलमध्ये लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे जवळपास उरलेलीच नाही.

इथेनॉलचा हिशेब आणखी नाजूक. ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००३ पासून तिथे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी विकल्या जाऊ लागल्या आणि २०१५ मध्ये पेट्रोलमधील मिश्रण २७ टक्क्यांवर गेले. भारताने २० टक्क्यांचे लक्ष्य २०२५ मध्ये गाठले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जैवइंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वाहतुकीच्या बेरजेत धरत नाहीत. पिकाने तो हवेतूनच घेतलेला असतो. पण उसासाठी जमीन बदलली, खत घातले, तर ते उत्सर्जन शेती व भूवापराच्या रकान्यात जाते. म्हणून नुसता वाहतुकीचा रकाना वाचला तर ब्राझीलचे चित्र प्रत्यक्षापेक्षा उजळ दिसते. हाच नियम इंदूरला लागू होतो. देवगुराडियाच्या प्रकल्पात रोज ५५० टनांपर्यंत ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याची सोय २०२२ मध्ये झाली. त्यावर धावणाऱ्या सिटी बसचा कार्बन डायऑक्साइड वाहतुकीत शून्य धरला जातो, आणि कचरा उघड्यावर कुजला असता तर सुटणारा मिथेन वाचतो तो कचऱ्याच्या खात्यात. इथे मात्र जमिनीचा प्रश्नच येत नाही, हा उसाच्या तुलनेत मोठा फरक आहे.

विजेवरील वाहनांचेही असेच. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. तिच्या विजेचा धूर वीजकेंद्राच्या नावावर पडतो. इंदुरात २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयबसची मार्गिका हटवायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला, सुमारे ६ किमी. चा टप्पा सुरू झाला. या मेट्रोमुळे वाहतुकीच्या रकान्यात दिसणारी घट तपासताना वीजनिर्मितीचा रकानाही शेजारी ठेवावा लागेल.