साचे फिरत फिरत राणीपुऱ्यात

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी दिवाळीला किल्ला व्हायचा, अजूनही होतो, आणि त्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांमध्ये एक प्लास्टिकचा माणूस उभा असायचा, हातात लेझरची बंदूक, डोक्यावर हेल्मेट. आजोबा दरवर्षी विचारायचे, "महाराजांच्या गडावर हा कोण रे पहारा देऊन राहिलाय?" विचारायचे, पण काढून कधी टाकला नाही. आता माझ्याकडे असे दीडेकशे पुतळे, रोबो, यानं जमलीयत आणि घरी कुणी पहिल्यांदा आलं की प्रश्न ठरलेला, हे सगळं येतं कुठून? त्यांना दुकानाचं नाव हवं असतं. मी सुरू होतो १९३४ पासून. त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर १९३४. अमेरिकेत मंदी, लोकांचे खायचे वांधे, आणि डेझी नावाच्या छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने कॉमिकमधल्या बक रॉजर्सच्या नावाने पत्र्याचं रॉकेट पिस्तूल काढलं, किंमत ५० सेंट. त्यातून छरा-बिरा काही निघत नाही, नुसता आवाज. तरी पोरांच्या उड्या पडल्या. भविष्यातलं काहीतरी हातात धरायला मिळतंय म्हटल्यावर आईबाप खिशात हात घालतात, हे धंदेवाल्यांना तेव्हा कळलं.

मग जपान. युद्ध हरलेला, कच्चा माल नाही, तेव्हा अमेरिकन सैन्याने खाऊन फेकलेले टिनचे डबे गोळा करून, कापून, सपाट करून त्यांची खेळणी बनायला लागली. काही खेळण्यांच्या आतल्या बाजूला जुन्या डब्याची छपाई दिसते म्हणतात, आणि १९५२ पर्यंतच्या कित्येक मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आहे. चावीचे आणि बॅटरीचे पत्र्याचे रोबो या कारखान्यांनी जगभर पोचवले. १९५६ च्या हॉलिवूड सिनेमात रॉबी नावाचा रोबो गाजला तर लगेच नोमुरा कंपनीने तसाच्या तसा काढला, नाव मात्र रॉबी नाही. म्हणजे नक्कल ही आपल्याकडेच होते असं समजायचं काही कारण नाही.

पण माझा आवडता भाग साच्यांचा आहे. खेळण्यात महाग असतो तो साचा, प्लास्टिक नाही. स्टीलचा साचा कोरून घ्यायला भरपूर पैसा जातो, पण एकदा झाला की त्यातून लाखो नग काढा, रंग बदला, नाव बदला, देश बदला, साच्याची काही तक्रार नसते. १९६४ ला हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने जी. आय. जो हा फूटभर उंचीचा सैनिक काढला आणि मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याला 'ॲक्शन फिगर' म्हणायचं ठरवलं (आमच्या आईने हा फरक आजतागायत मान्य केलेला नाही, ती 'तुझ्या बाहुल्या' असंच म्हणते). या सैनिकाचं लायसन्स जपानच्या टाकाराने घेतलं, १९७२ मध्ये त्याचंच शरीर पारदर्शक प्लास्टिकमध्ये ओतून आत यंत्रं दाखवली, झाला सायबोर्ग. १९७३ ला तेल भडकलं, प्लास्टिक महागलं, मग १९७४ ला तीच कल्पना आकसून दहा सेंटिमीटरवर आली, तो मायक्रोमॅन. १९७६ ला मेगो कंपनीने तोच अमेरिकेत नेऊन मायक्रोनॉट्स म्हणून विकला. आणि १९८४ ला हॅस्ब्रोने टाकाराचे मायक्रोमॅन आणि डायक्लोन या दोन मालिकांमधले रूप बदलून गाड्या होणारे रोबो उचलून त्यांना ट्रान्सफॉर्मर्स केलं, त्यांची नावं, स्वभाव, दोन टोळ्यांचं भांडण हे सगळं मार्व्हल कॉमिक्सवाल्यांकडून लिहून घेतलं. खेळणी आधी, गोष्ट मागून. हॅस्ब्रोचा पोरगा जपानला गेला, वाळून बारीक झाला आणि वीस वर्षांनी ट्रक होऊन घरी आला, मला तर यापेक्षा भारी विज्ञानकथा माहीत नाही.

मेगोचं पुढे काय झालं ते पण ऐका. मायक्रोनॉट्सवर खूश होते म्हणून १९७६ मध्ये स्टार वॉर्सची खेळणी करायला त्यांनी नाही म्हटलं. ते काम गेलं सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे. मे १९७७ ला सिनेमा आला आणि असा चालला की नाताळपर्यंत खेळणी तयारच होईनात, तेव्हा केनरने चक्क रिकामं पाकीट विकलं, आत पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कुपन, कुपन पाठवा, नव्या वर्षात चार पुतळे पोस्टाने येतील. लोकांनी घेतलं! पुतळे पावणेचार इंची, म्हणजे त्यांना बसायला यान पण परवडेल असं करता येतं, आणि तेच माप पुढे सगळ्या धंद्याचं माप झालं. मेगो १९८२ मध्ये दिवाळखोरीत.

त्या केनरचीच एक गोष्ट आमच्यात, म्हणजे खेळणी जमवणाऱ्यांत, लोक कीर्तनासारखी सांगतात. १९७९ ला स्टार वॉर्समधल्या बोबा फेटचा पुतळा येणार होता, पाठीवरून छोटं रॉकेट उडणारा. त्याच सुमाराला मॅटेल कंपनीच्या एका यानाचं असंच क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल गेलं, केनरने घाबरून रॉकेट चिकटवून टाकलं. उडणारे फक्त नमुने म्हणून बनलेले तेवढेच उरले, आणि २०२४ मध्ये त्यातला एक सव्वापाच लाख डॉलरला गेला. बटण दाबून पाहायची हिंमत घेणाऱ्याला होत असेल का, हा माझा खरा प्रश्न.

मॉडेल किटचं, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या खेळण्यांचं, घराणं वेगळं, ते विमानं-रणगाड्यांतून आलेलं. जपानमध्ये १९७९ ला गुंडाम ही अवाढव्य रोबोंची कार्टून मालिका टीव्हीवर नीट चालली नाही, ५२ भागांची ४३ वर गुंडाळली, आणि १९८० च्या जुलैमध्ये बांदाईने त्या रोबोचं ३०० येनचं, १/१४४ मापाचं किट काढलं तर दुकानांपुढे रांगा. स्टार वॉर्सच्या यानांवर जी बारीकसारीक यंत्रं दिसतात ती तर दुकानातून आणलेल्या रणगाड्यांच्या किटचे तुकडे आहेत, चिकटवलेले. हे वाचलं तेव्हा मला आपली अनंत चतुर्दशीच आठवली. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली तरी मिलवाल्यांच्या झाक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, रात्रभर निघतातच, आणि लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मी राक्षस कधी नीट पाहिलाच नाही, त्याचा हात हलवणारी सायकलची चेन आणि मोटर शोधत बसायचो.

आता आपल्याकडे. ऐंशीच्या दशकात परदेशी खेळणी सरळ आयात होतच नसत, कुणाचा काका अमेरिकेहून आला तर एखादं दिसायचं, तेही कपाटाच्या काचेतून. पण दूरदर्शनवर तर सगळं दिसत होतं, स्टार ट्रेक, जायंट रोबो, मग ही-मॅन. मागणी आहे, माल नाही. तेव्हा साचेच इकडे आले. मॅटेलचा ही-मॅन लिओ कंपनीने इथे बनवला, आणि १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो मिळून फनस्कूल सुरू झाली, कारखाना गोव्यात, तिथून जी. आय. जो निघायला लागले. अमेरिकेत वापरून झालेले साचे, पण रंग इथले. खाकी पाहिजे तिथे पिवळं, काळं पाहिजे तिथे निळं. असं का, याच्यावर आमच्यात तासन् तास चर्चा होतात, मला विचाराल तर समोर ज्या रंगाचा प्लास्टिकचा दाणा होता तो ओतला असणार. तेव्हा आम्हाला हे 'इंडियन' पीस म्हणजे दुय्यम वाटायचे. आज बाहेरचे कलेक्टर नेमके हेच शोधतात, मूळ पुठ्ठ्याच्या कार्डवर न उघडलेला असेल तर फारच.

राणीपुऱ्यातून, म्हणजे आमच्या इथल्या खेळण्यांच्या बाजारातून, आणलेल्या माझ्या त्या गडावरच्या पहारेकऱ्याचे पाय मध्यंतरी कमरेतून निखळले. तो फनस्कूलचाच जी. आय. जो, आणि यांच्या पोटात काळं रबरी रिंगण असतं, धड आणि पाय त्याच्यावरच टांगलेले, तीस वर्षांत ते चिरतं. सियागंजात नळाच्या सामानाच्या दुकानात पुतळा घेऊन गेलो, दुकानदाराने त्याच्या पोटात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून बरोब्बर मापाची ओ-रिंग काढून दिली, पाच रुपये. पाठीचा स्क्रू उघडायचा, आकडीत रिंग अडकवायची, बंद.

२००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरची बंधनं उठली आणि राणीपुरा चिनी मालाने भरला, त्यात बूटलेग, म्हणजे विनापरवाना नकला, इतके की एकाच प्लास्टिकच्या पाकिटात तीन सिनेमांचे हिरो. मग उलटी गंगा. २००९ ला चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी जाहीर, फेब्रुवारी २०२० ला आयात ड्युटी २० वरून ६० टक्के, जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा, २०२३ ला ड्युटी ७०. बाहेरून मागवायचं तर ड्युटी, वर जीएसटी आणि पोस्टेज, त्यामुळे आमच्यातले बरेच जण परत जुन्या देशी मालाकडे वळले, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मामाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत.

आणि तिथेच माझं दुखणं आहे. पाचवीत असताना मावसभावाने अमेरिकेहून आलेला कॅटलॉग दाखवला, त्यात माझाच पहारेकरी हिरव्या-खाकी गणवेशात, आणि माझा पिवळाधमक. मला इतकी लाज वाटली की बाबांच्या स्कूटरच्या टचअपचा उरलेला हिरवा रंग घेऊन त्याला पूर्ण रंगवला, चेहरा सोडून. तोच पिवळा आता लोक मागतात. सध्या रोज रात्री जेवण झालं की कानात घालायची काडी थिनरमध्ये बुडवून थोडं थोडं पुसत असतो, थिनर जास्त झालं तर प्लास्टिकच विरघळतं. डावा दंड कोपरापर्यंत पिवळा झालाय.