निळे डोळे दिसले की सिकंदरच का आठवतो?

कलाश लोकांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, हे सिकंदराच्या सैनिकांचे वंशज, डोळे बघा ना निळे. अहो, घारे डोळे कोकणातही आहेत, आणि तिथेही लोकांनी फुटलेल्या जहाजाच्या गोष्टी रचल्याच की.

पाकिस्तानात चित्रालच्या बाजूला, अफगाण सीमेला चिकटून बुंबुरेत, रुंबुर, बिरीर अशा तीन चिंचोळ्या दऱ्या आहेत, अक्रोडाची झाडं, शेळ्या, उतारावर एकावर एक चढलेली लाकूड-दगडाची घरं, आणि तिथे हे जेमतेम तीन-चार हजार लोक अजून आपले जुने देव धरून आहेत. सीमेपलीकडे 1895-96 ला अफगाणिस्तानच्या अमीर अब्दुर रहमानने शेजारचं काफिरिस्तान जिंकून तिथल्या सगळ्यांना मुसलमान केलं, हे कलाश ड्युरंड रेषेच्या, म्हणजे अफगाण आणि ब्रिटिश हद्दीमधल्या सीमेच्या, अलीकडे म्हणून सुटले.

2002 ला नोआ रोझेनबर्ग हा जनुकशास्त्रज्ञ आणि मंडळींनी जगभरातल्या 52 समाजांचा डीएनए कॉम्प्युटरला दिला आणि गट पाडायला लावले. पाच पाडले तर साधारण खंडांप्रमाणे पडले, सहावा पाडला तर तो निघाला एकट्या कलाशांचा!

म्हणजे रक्तच वेगळं? तसं नाही. वीस घरांची एखादी वाडी घ्या, सुरुवातीला समजा सात आडनावं, एका घरात मुलगाच नाही, एक घर मुंबईला गेलं ते गेलंच, एकाला पाच मुलगे, सहा-सात पिढ्यांनी बघाल तर अर्धी वाडी एकाच आडनावाची. त्या आडनावात खास काही नव्हतं हो, नुसता योगायोग. माणसं थोडी आणि लग्नं आपापसात असली की जीन्सचंही असंच होतं, काही बोकाळतात, काही गायब. यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात.

2014 ला एका टीमला कलाशांच्या डीएनएत पश्चिमेकडच्या लोकांची सरमिसळ साधारण सिकंदराच्या आगेमागे दिसली, झालं, परत तीच गोष्ट सुरू. 2015 च्या अभ्यासात मात्र ती सापडली नाही, उलट बाकी दक्षिण आशियाई लोकांपासून ही शाखा सुमारे 11,800 वर्षांपूर्वी फुटली असा हिशोब निघाला. मला हा आकडा जरा जास्तच वाटतो, कारण ड्रिफ्टमुळे फाटाफूट आहे त्यापेक्षा जुनी भासू शकते.

भाषा ऐकलीत तर सिकंदर आपोआप मागे पडतो. कलाशांचे आकडे आपल्या आकड्यांसारखेच: एक, दू, त्रे... सात, अष्ट. सूर्य म्हणजे सुरी. बुंबुरेतला ग्रीक लोकांच्या मदतीने म्युझियम बांधलंय, त्याचं नाव 'कलाशा दुर', म्हणजे कलाशांचं घर, आणि हा दुर म्हणजे आपल्या दाराचाच भाऊबंद.