लिबरेटर बहात्तरपट लहान करताना

पुण्यातल्या लोहगावच्या धावपट्टीवर एके काळी बी-२४ लिबरेटर उतरायची. चार इंजिनं, साडेतेहतीस मीटर लांबीचे अरुंद पंख, शेपटीला दोन उभी पाती आणि जवळजवळ जमिनीला टेकलेलं पोट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे बॉम्बफेकी विमान अठरा हजारांहून जास्त संख्येने बनवलं. युद्ध संपल्यावर त्यातली कित्येक कानपूरला बेवारस पडली होती आणि पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून सोडून जाणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाने ती ठोकून-मोडून ठेवली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यातली चाळिसेक विमानं डागडुजी करून उडण्याजोगी केली. १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाचं पाचवं स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं आणि १९५१ मध्ये पुण्यात सहावं. समुद्रावर टेहळणी करत ही विमानं १९६८ पर्यंत आपल्याकडे सेवेत होती. आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर दिसतात, त्यातली काही इथूनच गेलेली आहेत. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं विमान तर १९७४ मध्ये भारतातून उडतच तिकडे गेलं.

पुण्यातल्या माणसाने प्लॅस्टिकचं मॉडेल करायला घ्यावं तर याचं, असं मला मनापासून वाटतं. नातं जवळचं आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे हे विमान करताना एक गोष्ट हाताला कळते. विमान बहात्तरपट लहान करता येतं, पण ज्या प्लॅस्टिकने, ज्या रंगाने आणि ज्या हवेत आपण ते करतो, त्यातलं काहीच लहान होत नाही. रेणू तेवढेच राहतात, प्रकाशाची तरंगलांबी तेवढीच राहते. मॉडेल करणाऱ्याची निम्मी मेहनत या विसंगतीशी झुंजण्यात जाते.

बहात्तरच का, तर सहा फुटांना एक इंच, एवढा सरळ हिशोब. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने तिथल्या शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं याच प्रमाणात करून मागितली होती. काळ्या रंगात रंगवलेली ती विमानं सैनिकांना आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे शिकवण्यासाठी वापरली जात. पस्तीस फुटांवरून असं मॉडेल पाहिलं की खरं विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसावं तसं दिसतं. त्यासाठी प्रमाण अचूक हवं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणी हरकत घेत नाही. इथे पंख अर्धा सेंटिमीटर चुकला तर ते दुसरंच विमान वाटू शकतं.

आता वजनाचं बघू. लांबी ७२ पट कमी झाली की पृष्ठभाग ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पट कमी होतो आणि घनफळ ३,७३,२४८ पट. रिकाम्या लिबरेटरचं वजन साधारण साडेसोळा टन. भागाकार केला की उत्तर येतं ४४ ग्रॅम. विमान जसंच्या तसं आकसलं असतं तर साडेसेहेचाळीस सेंटिमीटर पंखांचं मॉडेल एवढंच भरलं असतं. किटमधलं प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी पट जड असतं, कारण त्याची भिंत एक मिलिमीटरभर जाड असते. बहात्तरने गुणा: सात सेंटिमीटर. खऱ्या विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिलिमीटरच्या आतबाहेर असायचा. तेवढा पातळ पत्रा प्रमाणात आणायचा तर तो केसापेक्षाही कितीतरी पातळ होईल आणि बोट लागताच चुरगळेल.

या जाड भिंतीचा त्रास लिबरेटरला विशेष होतो. याला नाकाखाली चाक आहे, मुख्य चाकं पंखाखाली आहेत. खऱ्या विमानात इंजिनं, यंत्रं, तेल, माणसं यांच्या वजनाने नाक खाली राहतं. मॉडेलमध्ये इंजिनं पोकळ आणि मागे लांब धड, त्यावर जोडशेपटी. साहजिकच मॉडेल शेपटीवर बसतं. इथे शाळेतला तरफेचा नियम कामाला येतो: वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. मागच्या बाजूचं जास्तीचं वजन ३० ग्रॅम आणि ते चाकांपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर पुढे साडेसात सेंटिमीटरवर ४० ग्रॅम शिसं हवं. म्हणून शिसं जितकं नाकात पुढे, तितकं कमी लागतं. पण लिबरेटरचं नाक काचेचं, आतलं सगळं दिसतं. मग वैमानिकांच्या खुर्चीखाली, चाकाच्या कप्प्याच्या वर, जिथे सापट सापडेल तिथे छर्रे कोंबावे लागतात. ते अराल्डाइटसारख्या इपॉक्सीत बसवावेत. पांढऱ्या गोंदात बसवले तर त्यातून निघणारं ॲसेटिक ॲसिड शिशाला हळूहळू खातं, पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि काही वर्षांनी नाक आतून उकलतं.

धडाचे दोन अर्धे जोडणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, लांबलचक रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या. त्याला लावायचं पातळ सिमेंट हे खरं तर चिकटवणारं द्रव्यच नव्हे, ते द्रावक आहे. दोन्ही अर्धे कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. थेंब फटीत शिरतो आणि सांध्याच्या कडेने सरसर धावत जातो. फट जितकी अरुंद, तितकी केशाकर्षणाची ओढ जास्त. बोट सांध्यावर असेल तर द्रावक बोटाखालीही घुसतो आणि धडावर ठसा कायमचा उमटतो, म्हणून बोटं लांब. क्षणभरात दोन्ही कडांचं प्लॅस्टिक मऊ होतं. मग हलकेच दाबलं की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड सांध्याभर वर येते. याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या. द्रावक उडून गेला की तिथे सांधा उरतच नाही, एकच सलग प्लॅस्टिक राहतं. दुसऱ्या दिवशी ती कड पात्याने खरवडायची, पाण्याचा पॉलिश पेपर फिरवायचा. फटीत लांबी (पुट्टी) भरायची वेळ क्वचितच येते. खिडक्या उघड्या ठेवून काम करावं, ही वाफ छातीत भरून घेण्यासारखी नाही.

काचेच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, भागांना मात्र हे सिमेंट लावू नये, त्यावर बारीक तडे उमटतात. सुपरग्लूचा धूर काचेवर पांढरा थर धरतो. तिथे साधा फेव्हिकॉलच उत्तम, सुकल्यावर तो पारदर्शक होतो.

मग रंग. आपली लिबरेटर चंदेरी होती, उघड्या धातूची. युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकेनेही बरीचशी विमानं रंगवणं सोडून दिलं होतं. रंगाचं वजन वाचतं आणि वेगही थोडा वाढतो. पण मॉडेलवर उघडा धातू दाखवणं हे सगळ्यात कठीण काम. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. स्वस्त रंगात चकती २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असली, तर बहात्तरच्या हिशोबाने ती जवळजवळ दीड मिलिमीटरची झाली. डोळ्याला ती वेगळी चमकताना दिसते आणि विमान पत्र्याचं न वाटता चमकी लावल्यासारखं वाटतं. म्हणून चकत्या अतिशय बारीक दळलेला रंग घ्यायचा आणि खाली आधी चकचकीत काळ्याचा हात द्यायचा. गुळगुळीत पृष्ठभागावर चकत्या आडव्या, एका पातळीत झोपतात, प्रकाश एकाच दिशेने परततो आणि धातूचा भास होतो. खालचा थर खरखरीत असला तर त्या वेड्यावाकड्या बसतात, प्रकाश विखुरतो आणि हाती राखाडी रंग येतो. खऱ्या विमानाचेही सगळे पत्रे सारखे चमकत नसत. मिश्रधातू वेगळा, लाटताना पडलेली रेघांची दिशा वेगळी. काही पत्रे झाकून त्यांवर किंचित वेगळ्या छटेचा फवारा मारला की चंदेरी रंगात जीव येतो.

फवारा म्हटलं की पुण्याची हवा आली. पावसाळ्यात लॅकर, म्हणजे झपाट्याने सुकणारा द्रावकातला रंग, मारला की कधी कधी रंगावर दुधी झाक धरते. द्रावक झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगातच पाणी होऊन बसते. अशा दिवसांत हळू उडणारा द्रावक मिसळावा, नाहीतर पाऊस उघडण्याची वाट पाहावी. एप्रिल-मेच्या दुपारी याच्या अगदी उलट होतं. हवा कोरडीठाक असते, एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून) निघालेला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापातला. एवढ्या छोट्या थेंबाला घनफळाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे ॲक्रिलिक या पाण्यातल्या रंगाचा थेंब विमानापर्यंत पोचेतो अर्धा सुकतो आणि पृष्ठभागावर पिठासारखा बसतो. तेव्हा सुकणं लांबवणारं रिटार्डर घालायचं, जवळून मारायचं आणि हे काम सकाळी उरकायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सोन्यासारखा हंगाम.

रंगाच्या छटेबद्दल एक समज फार पसरलेला आहे. लांबची वस्तू हवेमुळे फिकट दिसते, म्हणून मॉडेलचा रंग फिकट करावा असं सांगतात. पर्वतीवरून सिंहगड निळसर दिसतो तो याच कारणाने, मधल्या कित्येक किलोमीटर हवेने विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. पण मॉडेल आपण मीटरभरावरून पाहतो, म्हणजे खरं विमान ७२ मीटरवरून. स्वच्छ दिवशी तेवढ्या हवेने रंगात डोळ्याला जाणवेल असा फरक पडत नाही. तरीही खरा रंग मॉडेलवर गडदच वाटतो, हे खरं आहे. माझ्या मते याचं कारण हवेपेक्षा डोळ्यात जास्त आहे: तोच रंग मोठ्या भिंतीवर उजळ दिसतो आणि छोट्या तुकड्यावर गडद. म्हणून हिरव्या-तपकिरी विमानांसाठी रंगात थोडा पांढरा मिसळावा, पण जपून. सरसकट मिसळला तर विमान खडूने रंगवल्यासारखं दिसतं.

पत्र्यांच्या सांध्यांचे चर हाही असाच प्रश्न. किटवर कोरलेला चर ०.२ मिलिमीटरचा असेल तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ दीड सेंटिमीटरची भेग ठरेल. अशी भेग असलेल्या विमानात बसायला कोण तयार होईल? चरात गडद काळा भरण्याची पद्धत आहे, पण चंदेरी विमानावर मधल्या राखाडीने काम भागतं.

शेवटी चिन्हं. डिकल, म्हणजे कागदावरून उतरवायची छापील चिन्हं, भिजवून सरकवण्याआधी विमानावर चकचकीत वार्निशचा हात हवाच. रंग मॅट असेल तर त्याच्या सूक्ष्म खड्ड्यांत हवा अडकते, ती प्रकाश विखुरते आणि डिकलची पारदर्शक कड पांढुरकी दिसते. प्रजासत्ताकानंतरच्या आपल्या लिबरेटरसाठी चक्र, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, तिरंगी: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. युद्धकाळातलं, ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं विमान करायचं असेल तर चक्रातून लाल रंग गाळलेला असतो, कारण लाल ठिपका पाहून कुणी त्याला जपानी समजून गोळ्या घालू नयेत. धुराचे डाग काढताना टर्बो सुपरचार्जर (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) इंजिनांच्या पोटाशी आहेत हे ध्यानात ठेवावं. लिबरेटरची काजळी तिथूनच निघून पंखाच्या खालच्या अंगाने मागे जाते, तेव्हा काळे पट्टे खालूनच ओढायचे.